झाकणाचं वजन

अकरा वीसचा डबा छकूने उघडला असेल का, ही एकच काळजी गेले तीन आठवडे हात धुऊन आईच्या मागे लागली होती. कपडे वाळत घालत असो, वर्तमानपत्र वाचत असो, घड्याळाचा काटा तिथे आला की तिचा हात थांबायचा. चाळीस मिनिटांच्या बसच्या अंतरावर, रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात, लेकीला आत्ता बारा मिनिटांची सुट्टी मिळाली असेल. त्या बारा मिनिटांत तिने डबा उघडला, की तसाच पिशवीत परत सरकवला?

आणि तीन आठवड्यांपूर्वीपर्यंतच्या डब्यांत नेमकं किती असायचं, हे जगात फक्त आपल्यालाच माहीत आहे, असं आईला वाटत होतं. तिथेच सगळं पाणी मुरत होतं.

छकू एकोणतीस वर्षांची. जन्मली तेव्हा वीतभर होती म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलं. आता ही छकू नव्वद किलोचं वजन डोक्यावर धरून उभी राहते, तरी वडिलांच्या तोंडी छकूच. "छकू, तेवढी कपाटावरची शिलाई मशीन खाली घे गं, तुझ्या आईच्यानं होणार नाही," असं ते म्हणतात, आणि ती बिस्किटांचा पुडा काढावा तशी मशीन खाली घेते. वडील शिंपी. चाळीस वर्षं माणसांची मापं घेत आले. छकूच्या खांद्यांकडे बघून एकदा म्हणाले होते, "देवानं कापड सढळ हातानं दिलंय बघ. उगाच काटकसर करून शिवू नये."

ते हे आईला उद्देशून म्हणाले होते की छकूला, ते कळलं नाही. त्यांचं बोलणं तसंच असायचं. टाका घालायचा आणि दोरा तोडून मोकळं व्हायचं.

छकूचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. पाच ते साडेसहा मास्तरांच्या व्यायामशाळेत. मास्तर म्हणजे एका बंद पडलेल्या गॅरेजात लोखंडी दांडे आणि चकत्या मांडून बसलेला साठीचा माणूस, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. सात ते सात नोकरी. चार दिवस ठरलेले, पाचवा दिवस, माणूस कमी पडला तर. आणि माणूस नेहमीच कमी पडायचा. बारा तास लोकांचे फोन. कुणाच्या छातीत कळ, कुणाचं मूल जिन्यावरून पडलेलं, कुणी नुसतंच रडतंय. छकूचा पहिला प्रश्न ठरलेला: पत्ता सांगा.

आई एकदा विसरलेला डबा द्यायला तिथे गेली होती. काचेपलीकडे छकू पाठमोरी बसलेली, हेडफोनच्या पट्ट्याने केसांत कायमची खाच पडलेली. ती कुणाला तरी सांगत होती, "दोन्ही हात छातीच्या मध्यावर. जोरात. माझ्याबरोबर मोजा. एक, दोन, तीन, चार." त्याच सुरात, न थांबता, रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत सात मिनिटं. आई काचेबाहेर उभी राहून मोजत होती. शेवटी छकूने हेडफोन सरकवला, वळली, आणि आईला बघून म्हणाली, "अगं, कधीची उभी आहेस? बस ना."

"वाचला का तो?"

"माहीत नाही. आम्हाला कधीच कळत नाही." मग डबा हातात घेऊन, "यात काय आहे?"

शेजारच्या खुर्चीवरचा मिशाळ पोरगा मान तिरकी करून म्हणाला, "मावशी, तुम्ही जेवण पाठवता की औषध? प्रत्येक डब्यावर वेळ लिहिलेली."

"तुझ्यासारखं वडापाववर चरत नाही मी," छकू त्याला म्हणाली. "आईनं मोजलं म्हणजे मोजलं. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलीत तिनं. तुझा पगार कमी-जास्त होईल, आईचा ग्रॅम होणार नाही."

ते वाक्य आईला आता रोज एकदा तरी आठवायचं.

खरंच तीस वर्षं काढली होती. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. काचेच्या पेटीतला तराजू तिच्या ताब्यात असायचा. श्वास लागला तरी काटा हलतो असा नाजूक. दर वर्षी नवी पोरं यायची आणि दर वर्षी ती तेच सांगायची: आधी शून्य, मग वजन. रिकामं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा, मगच पदार्थ घाला. शून्य चुकलं तर पुढचं सगळं चुकलं, आणि मजा अशी की ते दिसत नाही. काटा बिचारा इमानदारीने खोटं सांगत राहतो.

ही मजा तिने तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या लेकीवर वापरली.

ते असं झालं. काही महिन्यांपूर्वी छकूने कागदावर एक तक्ता आणून स्वयंपाकघरात चिकटवला. भारोत्तोलनाच्या निवड स्पर्धेला अडीच महिने होते. तिला एकोणसाठ किलोच्या गटात उतरायचं होतं आणि अंगावर एकसष्ट होते. मास्तरांनी सांगितलं होतं, घाई नाही, हळूहळू दोन किलो उतरव, ताकद जाऊ देऊ नको. दिवसाला चार डबे. सहा पन्नास, अकरा वीस, दोन चाळीस, सहा तीस. नियंत्रण कक्षातल्या सुट्ट्या ठरलेल्या असल्यामुळे वेळाही ठरलेल्या. भात दीडशे ग्रॅम, कोंबडी एकशे वीस, उकडलेले बटाटे अमुक, दाणे तमुक. बारा तासांची नोकरी करून छकूच्यानं रांधणं, मोजणं, भरणं होणारं नव्हतं. तिने नियंत्रण कक्षाजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, पण तिथल्या शेगडीवर फक्त चहा व्हायचा.

"आई, तू भरशील का? रविवारी तीन दिवसांचे, बुधवारी तीन दिवसांचे. मी मोजमाप लिहून दिलंय. तुला काय, डाव्या हातचा मळ."

आई हो म्हणाली. पण तक्त्यातले आकडे तिने पुन्हा पुन्हा वाचले.

कारण छकू सतरा वर्षांची असताना एकदा जेवायची बंद झाली होती. आणि ते घरात कुणाला आठ महिने कळलं नव्हतं. कुणीतरी वर्गात तिच्या मांड्यांवरून काहीतरी बोललं होतं, एवढंच निमित्त. सकाळी आई डबा द्यायची, संध्याकाळी तो रिकामा परत यायचा, धुतलेला सुद्धा. आई समाधानाने म्हणायची, पोरगी डबा संपवते हो. पोरगी तो रोज वर्गातल्या दोघींना वाटून टाकत होती. कॉलेजच्या जिन्यात चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टरांनी आईला बाहेर बोलावून विचारलं, तुमच्या लक्षात आलं नाही? आई तेव्हा मिलिग्रॅमच्या नोंदी ठेवत होती. तराजूवर धूळ बसली तरी तिला कळायचं. घरात लेक वितळत होती ते कळलं नाही.

पुढे छकू सावरली. पूर्ण सावरली ती फार नंतर, मास्तरांच्या गॅरेजात. बसून बसून पाठ धरली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितला होता, आणि ती तिथे जाऊन अडकली. एका रविवारी घरी जेवताना तिने तिसऱ्यांदा भात घेतला आणि सहज म्हणाली, "आता कसं, खाल्लेलं कुठे जातं ते मला माहीत असतं." वडिलांनी मान डोलावली. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून थोडा वेळ उभी राहिली.

तेव्हा खरं तर तिने त्या लोखंडाचे आभार मानायला हवे होते. विश्वास ठेवायला हवा होता. पण दुधाने तोंड पोळलेल्याचं काय होतं ते म्हणीतच सांगितलंय. तक्ता दिसला, ग्रॅम दिसले, आणि तिला पुन्हा तो जिना दिसला.

पहिल्या रविवारी तिने अगदी काटेकोर भरलं. डब्यातला भात बघितला आणि जीव तुटला. दुसऱ्या रविवारी तिने रिकामा डबा काट्यावर ठेवला, त्यावर झाकण लावलं, आणि शून्याचं बटण दाबलं. मग झाकण काढून ओट्यावर ठेवलं. काट्याने उणे चौतीस दाखवलं. तिने भात घातला, दीडशेचा आकडा येईपर्यंत. काटा म्हणाला दीडशे. भात होता एकशे चौऱ्याऐंशी.

इतकं सोपं. चमचाभर जास्त वाढण्यात आणि यात फरक होता. चमचाभर जास्त वाढलं असतं तर आकडा बोलला असता. इथे आकडाच तिच्या बाजूने होता. छकू कधी मागे येऊन उभी राहिली तरी तिला दीडशेच दिसायचं. "परफेक्ट," ती म्हणायची आणि आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची.

भाजीच्या डब्याला आईने कधी हात लावला नाही, तिथे चौतीस ग्रॅमने काय होणार. भात, कोंबडी, बटाटे, दाणे. जिथे अंगी लागेल तिथेच. अडाणीपणाने केलं असतं तर एक वेळ ठीक. तिने ते शिकलेल्या बाईच्या अकलेने केलं.

अडीच महिने छकूचं वजन उतरेना. सहाशे ग्रॅम उतरायचं, चारशे परत चढायचं. मास्तर कपाळाला हात लावायचे. "बाहेर काही खातेस?" छकू शपथेवर सांगायची, नाही. मग ती स्वतःहून कधी सहा तीसचा डबा सोडू लागली, कधी पाणी कमी करू लागली. आईने हे पाहिलं. पाहून काय केलं, तर बाकीचे तीन डबे आणखी मन लावून भरले.

स्पर्धेच्या सकाळी आई बरोबर गेली होती. मोठी जुनी इमारत, खाली सभागृह, वर वजनाची खोली. नियम असा की वजनाला एक तास. त्या तासात काट्यावर कितीदाही उभं राहा, पण तास संपला की दार बंद, आणि एकोणसाठच्या वर एक ग्रॅमही चालत नाही. छकू पहिल्यांदा आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तिच्या त्या फोनवरच्या आवाजासारखा झाला होता. शांत, सपाट.

"चारशे जास्त आहे."

मास्तरांनी घड्याळ बघितलं. "पन्नास मिनिटं आहेत. रेनकोट घाल आणि जिना."

वडिलांचा जाड रेनकोट घालून, वर टोपी ओढून, छकू तीन मजले वरखाली धावत होती. आई तळमजल्यावर तिची पाण्याची बाटली हातात धरून उभी. भरलेली बाटली, जी द्यायची नव्हती. दर दीड मिनिटाला छकू समोरून जायची, ओठ पांढरे पडलेले. पुन्हा जिना. बारा वर्षांनी पुन्हा जिनाच, आणि ह्या खेपेला तिला त्यावर आईनेच चढवलं होतं.

वीस मिनिटांनी छकू दम खायला कठड्याला टेकली.

"आई," ती म्हणाली, "खरं सांग हं. डबे नीट मोजले होतेस ना? कधी चुकून, घाईत?"

ती वेळ होती. तिथे बोलली असती तर वजन काही उतरलं नसतं, पण पुढचं सगळं टळलं असतं. आईने लेकीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "काट्यावर दीडशेच होते गं, दर वेळी."

शब्दाला शब्द खरं. नरो वा कुंजरो वा म्हणतात ते याहून काय वेगळं असतं?

"मग माझंच काहीतरी आहे," छकू म्हणाली आणि पुन्हा पायऱ्या चढू लागली.

शेवटच्या चार मिनिटांत ती परत काट्यावर उभी राहिली. एकोणसाठ किलो दीडशे ग्रॅम. दीडशे. दार बंद झालं. खाली सभागृहात तिच्या गटातल्या बाकीच्या मुली एकेक करून वजन उचलत होत्या आणि छकू रेनकोटात खुर्चीवर बसून बघत होती. पहिल्या आलेल्या मुलीने जेवढं उचललं तेवढं छकू गॅरेजात दर मंगळवारी उचलायची. जाताना मास्तर आईला म्हणाले, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही किती केलंत तिच्यासाठी, मला माहीत आहे."

खाई त्याला खवखवे. आईला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिने कागद घेऊन हिशेब मांडला, जुन्या सवयीने. दिवसाला तीन डबे धरले, चौतीस ग्रॅम, आठवड्याचे सहा दिवस, दहा आठवडे. सहा किलोंच्या वर अन्न. त्यातलं अंगावर किती राहिलं असेल ते नेमकं सांगता आलं नसतं, पण दीडशे ग्रॅमसाठी त्यातलं थोडंसं पुरलं असतं. तिने कागद फाडला. बारीक तुकडे केले, जसे लोक प्रेमपत्रांचे करतात, आणि कचऱ्यात टाकले.

सांगायचं ठरवलं होतं तिने. त्याच रविवारी. पण छकू आली ती नवा तक्ता घेऊन.

"पुढची निवड अकरा आठवड्यांनी," ती म्हणाली. जुना कागद काढून तिने नवा चिकटवला. "मी वाचलं बरंच. काही लोकांचं शरीर असं असतं, आई. कमी दिलं तरी धरून ठेवतं. माझं तसलंच आहे. म्हणजे दुसऱ्या कुणाला दीडशे चालत असतील, मला एकशे दहाच द्यायला हवेत."

"मास्तरांना विचारलंस?"

"मास्तर म्हणतात वरच्या गटात जा. चौसष्टच्या. तिथल्या मुली शंभराच्या वर उचलतात, मी तिथे काय करू, टाळ्या वाजवू?" ती हसली. "तू फक्त मोज. तेवढीच एक गोष्ट आहे ज्याची मला चिंता करावी लागत नाही."

आई म्हणाली, "चहा टाकू?"

आणि मग तिने भ्याडासारखं एक केलं. झाकणाचा खेळ बंद केला. मनाशी म्हणाली, झालं ते झालं, आता इमानदारीने मोजेन, वजन आपोआप उतरेल, पोरगी खूश होईल, कशाला जुनं उकरायचं. झाकली मूठ. तिने एकशे दहा म्हणजे एकशे दहाच भरले. हे लक्षात घेतलं नाही की छकूचं शरीर एकशे चौऱ्याऐंशीवर चाललं होतं. एकशे दहाचा आकडा एका खोट्या दीडशेतून वजा करून काढलेला होता. म्हणजे खोटं थांबवून तिने लेकीला उपाशीच ठेवलं.

हे तिला कळायला तीन आठवडे लागले, आणि कळलं ते नवऱ्याकडून.

बुधवार होता. सकाळचे दहा वाजून गेलेले. ओट्यावर बारा डबे उघडे मांडलेले, गुरुवार ते शनिवारचे. मागच्या खेपेचे रविवारी परत आले होते, आणि त्यातल्या एका दोन चाळीसच्या डब्यात भात तसाच होता, बाजूने कडक झालेला. बाकीचे धुतलेले. धुतलेल्या डब्यांकडे आई अधिक वेळ बघत राहिली.

वडील बाहेरच्या खोलीत मशीनवर बसले होते. छकूच्या कामावरची निळी पँट मांडीवर होती, सुईखाली दुसऱ्याच गिऱ्हाईकाचं काम.

"काय करताय तिचं?" आईने विचारलं.

"आत घ्यायला दिलीय. कमरेला दीड इंच." मशीन थांबवून त्यांनी चष्मा वर केला. "स्पर्धेच्या आधी हीच पँट तिला अंगासरशी होती. तीन आठवड्यांत दीड इंच म्हणजे बारीक होणं नव्हे. कापड आटलं की ते विटतं सुद्धा. रविवारी चेहरा बघितलास तिचा?"

आईने बघितला होता.

"काल मला सांगत होती," ते पुढे म्हणाले, "एका बाईनं फोनवर पत्ता सांगितला आणि हिला तो ऐकूच आला नाही. म्हणजे आवाज आला, अर्थ लागेना. दोनदा विचारावा लागला. हसत सांगत होती. मला नाही हसू आलं."

"मला नाही सांगितलं तिनं."

"तुला कशाला सांगेल? तू काळजी करतेस." वडिलांनी पुन्हा चष्मा खाली घेतला. "खरं तर मला वाटलं होतं तू आता परत थोडं जास्त घालशील. तुझ्या त्या झाकणावाल्या पद्धतीनं."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, मी इथे बसतो, समोर तुझा ओटा दिसतो. झाकण लावायचं, बटण दाबायचं, झाकण काढायचं. मला आधी वाटलं, असेल काही प्रयोगशाळेची रीत. तुम्हा शिकलेल्या लोकांचं काय सांगावं." ते दोरा ओवत होते, डोळे सुईवर. "मग एकदा लक्षात आलं. मापं घेताना मी पण करतो ना तसं. जाड गिऱ्हाईक असलं की टेप जरा सैल धरायची, आकडा कमी सांगायचा, कापड मात्र पुरतं कापायचं. गिऱ्हाईक खूश, कपडा बसतो."

"मग बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईकाला स्पर्धेत उतरायचं नसतं, हे विसरलो गं," ते म्हणाले. मग दोऱ्याचं टोक कातरत, "चुकलंच माझं. मला वाटलं तू सांगशील."

मशीन पुन्हा सुरू झाली. निळ्या पँटवर खडूच्या दोन रेघा होत्या, त्यांच्या मधलं कापड आत जाणार होतं.

आई ओट्याशी आली. गुरुवारचा अकरा वीस. डबा काट्यावर ठेवला. हात आपसूक झाकणाकडे गेला, आणि तिने झाकण लावलंसुद्धा. बोट बटणावर. शून्य. झाकण काढलं. उणे चौतीस.

ती त्या आकड्याकडे बघत उभी राहिली.

घातले जास्त, तर काटा पुन्हा अडेल, आणि छकू तक्त्यातून आणखी तीस-चाळीस खोडेल. न घातले, तर पँट आणखी आत घ्यावी लागेल. जास्त वाढा की कमी वाढा, दोन्हीकडून अन्न लेकीच्या विरोधातच जाणार होतं. इतकी वर्षं तिला वाटायचं, आई चुकून वाढते जास्त, एवढाच काय तो आईचा गुन्हा. पण भात नव्हता हो चोरला तिने. चोरला होता तो छकूचा स्वतःच्या अंगावरचा भरवसा, जो त्या पोरीने बारा वर्षांत कणाकणाने जमवला होता. आज ती पोरगी स्वतःला सांगत होती की माझं शरीरच वेडंवाकडं आहे. सतरा वर्षांची असताना अगदी हेच सांगत होती.

तिने काटा बंद केला.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली, "सांगायला हवं."

"हो."

"संध्याकाळी डबे घेऊन जाईन तेव्हा सांगते."

मशीन चालूच राहिली. आईला तिच्याच वाक्यातली फट दिसली. संध्याकाळी म्हणजे बसमध्ये चाळीस मिनिटं विचार, म्हणजे दारात छकूचा थकलेला चेहरा, म्हणजे आज नको, दमलीय, रविवारी बघू. मागच्या तीन रविवारी असंच बघून झालं होतं.

नियंत्रण कक्षात खासगी फोन चालत नसे. पण सुट्टीत छकूचा मोबाइल तिच्या हातात असायचा. घरचा नियम होता, कामावर फोन करायचा नाही. आईने तो सात वर्षांत एकदाही मोडला नव्हता. तिचा आवाज ऐकून लेक घाबरेल, कुणाला काय झालं म्हणून. घाबरू दे. झालंच होतं काहीतरी.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काय बोलावं याची ती मनात जुळवाजुळव करू लागली. आधी जिन्याचं सांगावं, म्हणजे तिला समजेल का केलं. मग डॉक्टरांनी विचारलं होतं ते. मग म्हणावं, आईचा जीव गं. आणि मग तिला छकूचंच एक बोलणं आठवलं. नोकरीला लागली त्या पहिल्या महिन्यातलं. "लोक आधी गोष्ट सांगतात, आई. सकाळपासून बरं नव्हतं, मी म्हटलंच होतं डॉक्टरकडे जा, असं. त्यात दोन मिनिटं जातात. मी म्हणते, पत्ता आधी. बाकीचं गाडी निघाल्यावर."

म्हणजे आधी पत्ता. दीडशे लिहिले होते ते एकशे चौऱ्याऐंशी होते. मी केलं, मुद्दाम, दहा आठवडे. तुझ्या शरीरात काही बिघाड नाही. जिन्यात तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. आज डब्यात आहे ते सगळं खा, आणि मास्तरांकडे मी स्वतः येते सांगायला.

बाकीचं, जिना आणि जीव, तिने विचारलं तरच. कदाचित ती विचारणार नाही. कदाचित उद्यापासून डबे स्वतःच भरेल, किंवा त्या मिशाळ पोराबरोबर वडापाववर चरेल, आणि आईचा ओटा रिकामा राहील. छकू ओरडायची नाही, ते आईला माहीत होतं. ती त्या सपाट आवाजात "बरं" म्हणेल. त्या "बरं"ला आई सगळ्यात जास्त भीत होती.

अकरा अठरा. वडिलांनी मशीन थांबवली होती. पँट मांडीवर तशीच, खडूच्या रेघांवर अजून सुई पडलेली नव्हती.

"ही शिवू की थांबू?" त्यांनी विचारलं.

"थांबा," आई म्हणाली.

ओट्यावरच्या बारा उघड्या डब्यांकडे पाठ करून ती खुर्चीवर बसली, फोन मांडीवर घेतला, आणि वीस मिनिटांवर काटा येताच तिने छकूचा नंबर लावला.